वेळेचे रेशनिंग आणि सतरा वर्षांचा खेळाडू

२०२५ सालच्या ३ डिसेंबर रोजी, बुधवारी, अमेरिकेतील शालेय फुटबॉलपटूंनी आपापल्या पसंतीच्या विद्यापीठाशी करार करण्याचा पहिला दिवस उजाडला. त्या दिवशी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पेन स्टेट विद्यापीठाच्या पदरात अवघे दोन खेळाडू पडले. ज्याच्या मैदानावर एका सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक जमतात, त्या विद्यापीठाची ही अवस्था कशाने झाली? १२ ऑक्टोबर रोजी, हंगाम जेमतेम निम्म्यावर आलेला असताना, लागोपाठच्या तीन पराभवांनंतर विद्यापीठाने जेम्स फ्रँकलिन या आपल्या मुख्य प्रशिक्षकांना पदमुक्त केले होते. फ्रँकलिन तेथे २०१४ पासून होते. त्यांच्या जागी मॅट कॅम्पबेल यांची नेमणूक झाली ती ५ डिसेंबर रोजी, म्हणजे करारांचा पहिला दिवस उलटून गेल्यानंतर दोन दिवसांनी. मधल्या काळात फ्रँकलिन व्हर्जिनिया टेक या दुसऱ्या विद्यापीठात रुजू झाले आणि पेन स्टेटला शब्द देऊन बसलेली काही मुले त्यांच्यामागोमाग तिकडे गेली. विद्यापीठाच्या फजितीची चर्चा पुष्कळ झाली. तथापि अधिक विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. पदमुक्तीपासून करारदिवसापर्यंतचे ५२ दिवस एका मातब्बर संस्थेला नवा प्रशिक्षक निवडण्यास पुरले नाहीत. तेवढ्याच दिवसांत सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी मात्र आपल्या पुढील तीन-चार वर्षांचा निर्णय मोडून पुन्हा नव्याने घ्यावा, अशी अपेक्षा होती.

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलशी आपला काय संबंध, असा प्रश्न वाचकास पडणे साहजिक आहे. त्यांचा फुटबॉल हा आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉलही नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर चिलखतासारखा पोशाख चढवून खेळण्याचा तो एक धसमुसळा प्रकार आहे. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. धान्य, साखर, रॉकेल यांचे रेशनिंग आपण पाहिले आहे. तेथे गेली कित्येक दशके वेळेचे रेशनिंग चालू आहे. प्रशिक्षकाने खेळाडूला कोणत्या महिन्यात भेटावे, किती वेळा भेटावे, कोठे भेटावे आणि कोणत्या दिवसांत त्याचे तोंडही पाहू नये, हे सारे नियमांनी बांधलेले आहे. नियंत्रणाने एखादी वस्तू दुर्मीळ केली की तिच्याभोवती काय काय घडते, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच पाहावयास मिळतो.

प्रथम बाजाराचा आकार लक्षात घेऊ. अमेरिकेत शालेय पातळीवर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. शेवटच्या वर्षाची मुले त्यांतला चौथा हिस्सा धरली तरी ती अडीच लाख होतात. विद्यापीठीय खेळाचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या सर्वांत वरच्या फळीत २०२५ साली १३६ विद्यापीठे होती. प्रत्येकाने शाळांतून वीस मुले घेतली असे मानले तर जागा झाल्या २,७२०. म्हणजे शंभरात फार तर एक. हा एक शोधून काढण्यासाठी प्रत्येक विद्यापीठाकडे मुख्य प्रशिक्षक आणि २०१८ पासून दहा साहाय्यक अशी अकरा माणसे असत. ही माणसे नुसती भरतीसाठी नेमलेली नसतात. संघाला शिकवणे, प्रतिस्पर्ध्याच्या खेळाची चित्रफीत पाहणे, डावपेच आखणे आणि शनिवारी सामना जिंकणे हे त्यांचे खरे काम. भरती उरलेल्या वेळात करावयाची.

या उरलेल्या वेळावर एनसीएएचे पंचांग आहे. वर्षाचे दिवस चार प्रकारांत विभागले आहेत. संपर्काच्या काळात प्रशिक्षक मुलाच्या घरी जाऊन त्याच्याशी व पालकांशी बोलू शकतो. पाहणीच्या काळात तो शाळेत जाऊन खेळ पाहू शकतो, गुणपत्रिका मागू शकतो. परंतु मुलाशी बसून बोलणी करू शकत नाही. तिसरा काळ शांततेचा. त्यात मुलाने विद्यापीठात यावे, प्रशिक्षकाने बाहेर पडू नये. चौथ्या, संपूर्ण निषिद्ध काळात समोरासमोर भेटच वर्ज्य. पत्र आणि दूरध्वनी तेवढे चालतात. एका मुलाशी विद्यापीठाच्या आवाराबाहेर सहाच भेटी, असाही दंडक वर्षानुवर्षे आहे. सोवळ्या-ओवळ्याचे इतके बारकावे आपल्याकडील जुन्या घरांतही नसतील.

यांतील सर्वांत बोलका नियम पाहणी-दिवसांचा. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत एका संघाला मिळून ४२ पाहणी-दिवस, असे प्रमाण अनेक वर्षे लागू होते. एक प्रशिक्षक एक दिवस बाहेर पडला की एक दिवस खर्ची पडतो. दोघे बाहेर पडले तर दोन. हे दिवस म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेत मनुष्यदिवस होत. अकराही जण एकाच शुक्रवारी बाहेर पडले तर अकरा दिवस संपले आणि चौथ्या शुक्रवारीच शिधापत्रिका रिकामी. शुक्रवारचाच उल्लेख अशासाठी की, अमेरिकेत शालेय सामने प्रामुख्याने शुक्रवारी रात्री होतात आणि विद्यापीठांचे शनिवारी. ज्या रात्री मुलगा खेळताना पाहावयाचा, नेमक्या त्याच रात्री प्रशिक्षकाने आपल्या संघाबरोबर असावयास हवे. त्यामुळे ज्या आठवड्यात विद्यापीठाचा सामना नसतो, तो विश्रांतीचा आठवडा प्रशिक्षकांना विमानतळांवरच काढावा लागतो. लष्करी अकादमींच्या संघांना मात्र ५४ दिवस मिळत. तेथे प्रवेशासाठी लोकप्रतिनिधींची शिफारस आणि पुढे सैन्यात नोकरी अशा अटी असल्यामुळे योग्य मुलगा शोधणे अधिक कठीण असते, हे नियमकर्त्यांनी ओळखले होते. शोध कठीण असेल तर वेळ अधिक हवा, हे तत्त्व त्यांना मान्य होते असा याचा अर्थ. ते इतरत्र लागू करण्याचे त्यांच्या मनात आले नाही, एवढेच.

हे रेशनिंग कशासाठी? अधिकृत उत्तर असे की, मुलाच्या शिक्षणात व्यत्यय येऊ नये, प्रशिक्षकालाही घरसंसार असावा आणि श्रीमंत विद्यापीठांनी केवळ पैशाच्या जोरावर सर्व शाळा पालथ्या घालू नयेत. ही तिन्ही कारणे खोटी नाहीत. पण अपुरी आहेत. विद्यापीठीय खेळात खेळाडूला वेतन द्यावयाचे नाही, हा तेथील दीर्घकाळचा सिद्धांत होता. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानने प्रसिद्ध केलेल्या अहवालाने खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या छुप्या मदतीवर झगझगीत प्रकाश टाकला. १९४८ साली एनसीएएने तथाकथित ‘सॅनिटी कोड’ संमत करून मदत व भरती दोहोंना लगाम घालण्याचा प्रयत्न केला. तीनच वर्षांत, १९५१ साली, तो मागे घ्यावा लागला. पुढे मदतीची कमाल मर्यादा ठरली ती शिष्यवृत्तीपुरती. सर्व खरेदीदारांनी एकत्र येऊन किंमत गोठवली, असे त्याचे सरळ वर्णन करता येईल. आणि किंमत गोठवली की स्पर्धा मरत नाही, ती रूप बदलते. १९७८ पूर्वी अमेरिकेत विमानाचे भाडे सरकार ठरवीत असे, तेव्हा विमान कंपन्या भोजनाच्या ताटांवरून आणि उड्डाणांच्या संख्येवरून स्पर्धा करीत. एका कंपनीने तर विमानात पियानो बसवला होता. विद्यापीठांना खेळाडूला पगार देता येत नव्हता. म्हणून त्यांनी त्याला वेळ दिला. घरी खेटे, आईशी गप्पा, वाढदिवसाची पत्रे, पुन्हा खेटे. वेळ हीच किंमत झाली. मग या किमतीवरही नियंत्रण आणणे ओघानेच आले.

नियंत्रण आले की पळवाटही येते. २००८ साली वसंत ऋतूतील पाहणीच्या काळात मुख्य प्रशिक्षकांना बाहेर पडण्यास बंदी झाली. अलाबामा विद्यापीठाचे निक सेबन यांच्या अथक भ्रमंतीला आळा घालण्यासाठी हा नियम आहे, असे उघड बोलले जात असे आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. सेबन यांनी काय केले? ते कचेरीत बसून दृक्-श्राव्य दूरध्वनीवरून शाळेतील मुलांशी बोलू लागले. प्रवासाचा वेळ वाचला तो वेगळाच. त्याआधी, ऑगस्ट २००७ पासून, मुलांना भ्रमणध्वनीवर लघुसंदेश पाठवण्यास मनाई झाली होती. कारण एकेका मुलाला संदेशांचा पाऊस सहन करावा लागे आणि त्याचे बिल त्याच्याच घरी येई. पण फेसबुकवरील खासगी संदेश हा ‘पत्रव्यवहारा’त मोडतो असे ठरले, आणि तोच संदेश तेथून जाऊ लागला. अखेर २०१६ साली फुटबॉलपुरती ती बंदी उठवण्यात आली. दरम्यान श्रीमंत विद्यापीठांनी आणखी एक मार्ग काढला. बाहेर जाण्यास परवानगी असलेल्यांची संख्या मर्यादित; पण आत बसून चित्रफिती पाहणाऱ्यांची, याद्या करणाऱ्यांची, पत्रे लिहिणाऱ्यांची संख्या किती असावी? त्यांचे ताफेच्या ताफे उभे राहिले. २०२४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने अँड्र्यू लक या गाजलेल्या माजी खेळाडूला आपल्या फुटबॉल विभागाचा सर्वाधिकारी व्यवस्थापक नेमले. व्यावसायिक संघांत असते तसे हे पद. प्रशिक्षकाचा वेळ रेशनवर मिळत असेल तर त्याच्या वेळेची बचत करणारी माणसे विकत घ्यावयाची, आणि ती ज्याला परवडतील त्याने घ्यावयाची. लहान विद्यापीठांच्या रक्षणार्थ आणलेला नियम असा उलटा फिरला.

येथवरची कथा एका अर्थी करमणुकीची आहे. यापुढील भाग तसा नाही. माहिती मिळवण्यालाही खर्च येतो, आणि आणखी एक चौकशी करण्याचा खर्च तीतून होणाऱ्या लाभापेक्षा अधिक होऊ लागला की शहाणा माणूस शोध थांबवतो, हे जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली दाखवून दिले. भरतीचा वेळ आखडला की ही थांबण्याची जागा अलीकडे येते. जो मुलगा सर्वांना ठाऊकच आहे त्याच्याकडे जाणे मग सोयीचे ठरते. इतर पाच विद्यापीठांनी त्याला बोलावणे धाडले असेल तर तो चांगलाच असणार, असे गृहीत धरून सहावे विद्यापीठ बोलावणे धाडते. मानांकन करणारी संकेतस्थळे त्या बोलावण्यांकडे पाहून तारे देतात, आणि त्या ताऱ्यांकडे पाहून सातवे विद्यापीठ पुढे येते. मेंढरांच्या कळपाची ही चाल आहे. प्रशिक्षकाच्या एका तासाचे सर्वाधिक मोल खरे तर अज्ञात मुलाकडे घालवलेल्या तासात असते. पण तो तास फुकट जाण्याचा धोकाही तेथेच अधिक असतो, आणि नोकरी दरवर्षीच्या निकालांवर टांगलेली असताना तो धोका कोण पत्करणार?

जॉश ॲलन यांचे उदाहरण याबाबत पुरेसे बोलके आहे. कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात फायरबॉ नावाचे शेतीवर जगणारे एक छोटे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबातील या मुलाला शाळा संपली तेव्हा वरच्या फळीतील एकाही विद्यापीठाने विचारले नाही. त्याने रीडली येथील दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तेथून देशभरच्या प्रशिक्षकांना आपणच पत्रे धाडली. वायोमिंग विद्यापीठाने हात दिला. २०१८ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत तो सातवा आला आणि २०२४ च्या हंगामात व्यावसायिक लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. ज्याअर्थी तो अखेर वर आला त्याअर्थी व्यवस्था ठीकच आहे, असा युक्तिवाद काही जण करतील. हा युक्तिवाद फसवा आहे. जे वर आले नाहीत त्यांची नावे आपल्याला कळण्याचा मार्गच नाही.

कोविडच्या काळात याचा मोठा पडताळा आला. १३ मार्च २०२० पासून ३१ मे २०२१ पर्यंत, म्हणजे साडेचौदा महिने, समोरासमोरच्या भरतीवर पूर्ण बंदी होती. कोणीही कोणाला प्रत्यक्ष न पाहता एक संपूर्ण तुकडी विद्यापीठांत दाखल झाली. ज्यांच्या चित्रफिती आधीपासून फिरत होत्या त्यांचे निभावले. जी मुले शेवटच्या वर्षात अंगाने भरतात, उशिरा चमकतात, त्यांना दाखवण्यासाठी काही उरले नाही. त्यातच आधीच्या खेळाडूंना सवलत म्हणून एक जादा वर्ष मिळाल्याने जागाही कमी झाल्या. वेळेच्या टंचाईचा भार कोणावर पडतो, याचे उत्तर यापेक्षा स्पष्ट मिळणे कठीण.

टंचाईचा आणखी एक परिणाम आहे: घाई. वेळ थोडा आणि प्रतिस्पर्धी अनेक असले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी हात मारू पाहतो. करार करण्याचा परंपरागत दिवस फेब्रुवारीतील पहिला बुधवार. शालेय हंगाम संपलेला, विद्यापीठांचा संपलेला, प्रशिक्षकांच्या नेमणुका-बदल्या बहुतांशी उरकलेल्या. डिसेंबर २०१७ पासून त्याच्या आधी आणखी एक करारकाळ सुरू झाला. त्याच सुमारास ठरले की, शेवटच्या वर्षाच्या आधीच्या एप्रिल ते जूनमध्येच मुलांना विद्यापीठाच्या खर्चाने भेटीला बोलावता येईल. परिणाम व्हायचा तोच झाला. जूनमध्ये भेट, जुलैत शब्द, डिसेंबरात सही. शाळेतील अखेरचा हंगाम, ज्यात मुलाचे खरे पाणी दिसते, तो सुरू होण्यापूर्वीच बहुतेक व्यवहार ठरू लागले.

बाजाराच्या या आजाराचे निदान फार पूर्वी झालेले आहे. अमेरिकेतील रुग्णालये नवशिक्या डॉक्टरांची भरती करताना एकमेकांच्या आधी पळू लागली आणि १९४४ च्या सुमारास शिक्षण संपण्याच्या दोन वर्षे आधीच जागा भरल्या जाऊ लागल्या. मग आधी भरती करण्यास बंदी आली. ताबडतोब दुसरी विकृती उद्भवली: जागा देऊ करावयाची आणि उत्तरासाठी मुदत मात्र अत्यल्प द्यावयाची. १९४९ पर्यंत बारा तासांची मुदतसुद्धा फार झाली असे रुग्णालयांना वाटू लागले होते. शेवटी १९५२ साली दोन्ही बाजूंच्या पसंतीयाद्या एकत्र करून मध्यवर्ती जुळणी सुरू झाली, तेव्हा ही धावपळ थांबली. या साऱ्याचा अभ्यास करणारे ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष म्हणजे रॉथ यांनी दोन सहकाऱ्यांसमवेत २००७ साली प्रसिद्ध केलेला एक निबंध विद्यापीठीय फुटबॉलवरच आहे. हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांचे आयोजक पूर्वी हंगाम संपण्याच्या कित्येक आठवडे आधीच संघ ठरवून टाकीत. १९९० नंतरच्या दशकात ही निवड हंगामाअखेर सरकली तेव्हा सामने अधिक चुरशीचे झाले आणि दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकही वाढले, असे त्यांनी दाखवले. थांबल्याने सर्वांचे भले होते, पण एकट्याने थांबल्यास त्याचे मात्र नुकसान होते. आपल्याकडे महाविद्यालयांतून होणाऱ्या नोकरभरतीत ‘संध्याकाळपर्यंत सांगा’ हा तगादा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

२०२४ साली डिसेंबरातील करारकाळ आणखी दोन आठवडे अलीकडे, महिन्याच्या पहिल्या बुधवारी आणण्यात आला. हेतू वाईट नव्हता. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावे नोंदवणारे ‘ट्रान्स्फर पोर्टल’ ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले होते. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, अभ्यासाची अट पाळून विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. शाळकरी मुलांचे करार आणि पोर्टलवरील खेळाडूंची पळवापळवी एकाच आठवड्यात आली तर प्रशिक्षकांना श्वास घेण्यास फुरसत मिळणार नाही, म्हणून पहिली गोष्ट पुढे ओढली. पण त्यामुळे ती हंगामाच्याच अंगावर आली. परिषदांचे अंतिम सामने त्याच आठवड्यात. २०२४ पासून बारा संघांची झालेली राष्ट्रीय बाद फेरी त्यामागोमाग. शिवाय सहामाही परीक्षा. पोर्टलवर नाव नोंदवण्याची मुदतही आक्रसत गेली: प्रथम वर्षाकाठी ६० दिवस, मग ४५, मग ३०, आणि २०२६ साली २ ते १६ जानेवारी असे १५ दिवस. उपांत्य फेरीचे सामने याच पंधरवड्यात होते.

लवकर सही घ्यावयाची तर प्रशिक्षकही लवकर हवा, आणि प्रशिक्षक लवकर हवा तर आधीच्याला लवकर काढावयास हवे. २०२५ च्या ऑक्टोबरात पेन स्टेटपाठोपाठ फ्लॉरिडाने १९ तारखेला आणि लुइझियाना स्टेटने २६ तारखेला आपापल्या प्रशिक्षकांना निरोप दिला. या सर्वांना केवळ पंचांगाने घरी पाठवले असे मी म्हणणार नाही. पराभव हे कारण होतेच. पण हंगाम संपेपर्यंत थांबण्याची चैन पंचांगाने कोणालाही ठेवली नव्हती, हे खरे. या साखळीची पुढची कडी ३० नोव्हेंबर रोजी जोडली गेली. मिसिसिपी विद्यापीठाचा संघ अकरा सामने जिंकून आणि एकच हरून राष्ट्रीय बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना त्याचे मुख्य प्रशिक्षक लेन किफिन लुइझियाना स्टेटकडे निघून गेले. करारदिवसाला तीन दिवस उरले होते. बाद फेरीपर्यंत थांबले असते तर नव्या जागी एका वर्षाची भरती बुडाली असती. जुन्या विद्यापीठाने, दोन्हीकडे पाय ठेवून बाद फेरीत संघाची सूत्रे हाती ठेवू देण्यास नकार दिला, आणि तो योग्यच होता. दोष देण्याचे ठिकाण मात्र किफिन यांचा स्वभाव नव्हे. तो कसाही असो, हे वेळापत्रक उद्या एखाद्या संतालाही तेच करावयास लावील.

आता या चित्रात पैसा आला आहे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएच्या निर्बंधांना मक्तेदारीविरोधी कायद्याची कसोटी लावली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीने विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देता येऊ लागला. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला त्याची मर्यादा होती दोन कोटी पाच लाख डॉलर. माझ्या मते याचा अर्थ नीट लक्षात घेतला गेलेला नाही. जोवर पगार निषिद्ध होता, तोवर वेळेची मर्यादा ही खरेदीदारांच्या आपसांतील चढाओढीवरची मर्यादा होती. मुलाला तीतून थोडी शांतता तरी लाभत होती. पैसा खुला झाल्यावर चढाओढ पैशाकडे वळली. वेळेची मर्यादा मात्र तशीच राहिली, आणि ती आता विकणाऱ्याच्या विरोधात काम करते. प्रथमच ज्याच्या हाती किमतीची बोलणी करण्याची ताकद आली, त्या मुलाला बोलणी करण्यास, वकिलाला कागद दाखवण्यास, दुसरी जागा पाहून येण्यास दिवसच नाहीत. शिवाय पोर्टलवरील वीस-एकवीस वर्षांच्या खेळाडूची विद्यापीठीय सामन्यांची चित्रफीत तयार असते. त्याला पारखण्यास वेळ कमी लागतो. दुर्मीळ वेळ आणि उपलब्ध पैसा यांचा हिशेब घालणारा प्रशिक्षक शाळकरी मुलाऐवजी त्याच्याकडे वळला तर त्याला दोष देता येणार नाही.

यावर उपाय म्हणून करारदिवस ही कल्पनाच रद्द करावी, मुलाला वाटेल तेव्हा सही करू द्यावी, अशी एक सूचना आहे. तीत एक गुण आहे: सही ताबडतोब होऊ शकते म्हटल्यावर प्रशिक्षक पोकळ बोलावणी धाडणार नाहीत. पण रुग्णालयांचा इतिहास पाहता सह्या आज शेवटच्या वर्षी होतात त्या उद्या पंधराव्या वर्षी होऊ लागतील. डॉक्टरांसारखी मध्यवर्ती जुळणीही आता शक्य दिसत नाही. पगाराची बोलणी ज्याची त्याने वेगळी करावयाची असताना सर्वांना एका यादीत बसवणे हे पुन्हा किंमत गोठवण्यासारखे होईल आणि न्यायालय ते खपवून घेणार नाही.

करता येण्यासारखे आहे ते याहून साधे आहे. करारदिवस पुन्हा फेब्रुवारीत न्यावा. जी मुले डिसेंबरात शाळा संपवून जानेवारीच्या सत्रात दाखल होऊ इच्छितात, तेवढ्यांची सोय वेगळी करावी. त्यांच्यासाठी सर्वांना पुढे ओढण्याचे कारण नाही. दुसरे असे की, आजवर सर्व नियम प्रशिक्षकाने किती वेळ घ्यावा याचे झाले; मुलाला किमान किती वेळ मिळावा याचाही एक नियम हवा. लेखी देऊ केलेली जागा व रक्कम किमान दोन आठवडे मागे घेता येऊ नये. तिसरी गोष्ट मुख्य प्रशिक्षकाच्या जाण्याची. १९६४ पासून चालत आलेल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झालेल्या राष्ट्रीय करारपत्रात स्पष्ट लिहिलेले असे की, सही विद्यापीठाशी आहे, प्रशिक्षकाशी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ते चोख होते. पण घरी येऊन सोफ्यावर बसलेला आणि आईला शब्द दिलेला माणूस विद्यापीठ नव्हता, प्रशिक्षक होता. आधीच दाखल झालेल्या खेळाडूंना आता प्रशिक्षक बदलल्यास पोर्टलवर नाव घालण्यासाठी स्वतंत्र १५ दिवस मिळतात. सही केलेल्या पण अजून वर्गात न बसलेल्या मुलालाही तितकाच अवधी, निःसंदिग्ध शब्दांत आणि कोणाच्या मेहेरबानीवर न ठेवता, मिळावयास हवा.

प्रशिक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे: असे झाल्यास संघाची यादी अखेरपर्यंत पक्की होणार नाही. हे खरे आहे. यादी पक्की नसण्याची किंमत आजही कोणी ना कोणी मोजतेच. फक्त ती त्या मुलाच्या आईबापांकडून वसूल केली जाते, ज्यांच्याकडे ना भरतीचे ताफे आहेत, ना सर्वाधिकारी व्यवस्थापक. वर्षाला दोन कोटी डॉलर वाटण्याची तयारी असलेल्या विद्यापीठांना दोन आठवड्यांची अनिश्चितता परवडू नये, हे पटण्यासारखे नाही.